झिपच्या गठ्ठ्यातील खतावणी ताजी कशी ठेवावी?

व्यापारी बंधूंनो, आता अनेक पेढ्यांवर उधारीची खतावणी, दरपत्रक आणि डिझाईनचे फोटो संगणकात असतात. या फाईली दाबून एकत्र बांधल्या की झिपचा गठ्ठा तयार होतो. ही पद्धत फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणली. असा गठ्ठा पेनड्राईव्हवर असला, तर संगणक बिघडूनही हिशेब शाबूत राहतो.

मात्र खतावणी रोज बदलते. त्यासाठी दररोज सगळा माल सोडून पुन्हा बांधण्याची गरज नाही. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘झिप’ लिहावे. पुढे जागा सोडून आडवी रेघ व तिला जोडून लहान ‘यू’ आणि ‘आर’, मग गठ्ठ्याचे नाव व शेवटी फोल्डरचे नाव लिहावे. ज्या फाईलीची तारीख आतल्या प्रतीहून नवी, तेवढीच बदलली जाते. नव्या फाईलीही आत जातात. बाकीच्या जशाच्या तशा राहतात.

‘यू’ऐवजी ‘एफ’ लिहिला, तर फक्त आधीपासून आत असलेल्या फाईली ताज्या होतात. नव्या महिन्याची वेगळी खतावणी बाहेरच राहते! संगणक बिघडला, तर त्या महिन्याच्या उधारीचा पुरावा कोठून आणणार?

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, सारा निवाडा तारखेवर होतो. संगणकाचे घड्याळ मागे पडले असेल, तर आजची दुरुस्ती जुनी समजून गुपचूप वगळली जाते. म्हणून पडद्यावर बदललेल्या फाईलींची नावे येतात ती वाचावीत. दुसरी, फोल्डरमधून काढलेले जुने दरपत्रक गठ्ठ्यात तसेच राहते. ते काढण्यासाठी ‘डी’ लिहून त्या फाईलीचे नाव द्यावे. नाहीतर तोच गठ्ठा गिऱ्हाइकाला पाठवल्यास तो जुना भाव मागेल. तिसरी, झिप आधी नवा गठ्ठा तयार करून मगच जुना बदलतो, तेव्हा डिस्कवर तेवढी मोकळी जागा हवी.

टार करून जीझिपने दाबलेल्या गठ्ठ्यात मात्र अशी दुरुस्ती होत नाही. तो पुन्हाच बांधावा लागतो.

काम झाल्यावर मोठ्या ‘टी’ने गठ्ठा तपासून घ्यावा. दुकान बंद करताना आपण कुलूप ओढून पाहतोच ना? तेवढीच ही मेहनत आहे.