ईदीचे पैसे आणि बंद पाकीट

ईदच्या दुसऱ्या दिवशी नांदेडच्या देगलूर नाक्यावर किंवा लातूरच्या गंजगोलाईत मुलांची ईदी पूर्वी फुगे, कुल्फी आणि टिकल्यांच्या पिस्तुलात संपायची. आता तिचा एक वाटा पोकेमॉनच्या पत्त्यांवर जातो. ‘अब्बा, नवा सेट आलाय,’ असं चौथीतला मुलगा म्हणतो, तेव्हा काही घरांत ‘पत्ते म्हणजे जुगार’ म्हणून विषय संपतो. काही घरांत ‘खेळतोय बिचारा’ म्हणून पैसे मिळतात. दोन्ही उत्तरं घाईची आहेत, कारण इथे खेळ वेगळा आणि विक्री वेगळी.

पत्त्यांचा हा खेळ १९९६ साली जपानमध्ये सुरू झाला. दोघांकडे ६०-६० पत्त्यांचा कॅट असतो आणि प्रत्येक वारानंतर वजाबाकी करावी लागते. पाढ्यांना कंटाळणारी मुलं ही वजाबाकी तोंडी करतात! डावात जे ६ ‘प्राईज’ पत्ते उचलायचे, तेही स्वतःच्याच कॅटमधले. डाव संपला की ज्याचे पत्ते त्याच्याकडे.

अडचण पाकिटात आहे. दर काही महिन्यांनी नवा सेट निघतो आणि बंद पाकिटांतून विकला जातो. आत कोणते पत्ते आहेत, हे फोडल्याशिवाय कळत नाही. २०२३ साली निघालेल्या ‘१५१’ या सेटचंच पाहा. त्यात क्रमाने १६५ पत्ते, आणि त्यावर ४२ खास पत्ते, एकूण २०७. पाकिटात १० पत्ते, म्हणजे २१ पाकिटांत सेट पूर्ण, असा मुलांचा हिशेब असतो. पण तेच तेच पत्ते पुन्हा निघतात. सगळे पत्ते सारख्याच प्रमाणात असते, तरी सेट पूर्ण व्हायला सरासरी सुमारे १२०० पत्ते, म्हणजे १२० पाकिटं लागली असती. खास पत्ते तर मुद्दाम कमी घातलेले असतात.

माल न पाहता, त्यात काय आहे हे न कळता केलेल्या सौद्याला फिक्हमध्ये ‘गरर’ म्हणतात. सौदी अरबच्या मुफ्तींनी २००१ साली पोकेमॉनविरुद्ध फतवा दिला, त्यात जुगाराशी साम्य हे एक कारण होतं. त्याच काळात ‘पोकेमॉन म्हणजे मी यहुदी आहे’ अशी अफवाही अरब देशांत पसरली. ती निव्वळ खोटी. ‘पॉकेट मॉन्स्टर्स’चं ते छोटं रूप आहे. अफवेवरून मुलांना दटावलं, की त्यांचा आपल्या खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास उडतो. मसला विचारायचा तर आपल्या मौलानांना पाकीट दाखवून विचारावा.

गल्लीत मात्र पाकिटापेक्षा वाईट प्रकार चालतो. पत्ता जमिनीवर आपटायचा, उलटला तर समोरच्याचा पत्ता आपला. ही सरळ पैज झाली. १९९३च्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळातही सुरुवातीला पत्ता पणाला लावायचा नियम होता. पुढे तो खुद्द कंपनीनेच सोडून दिला.

मुलाला खेळायचंच असेल, तर तयार कॅट घ्यावा. त्यात कोणते पत्ते आहेत ते आधीच ठरलेलं असतं. बाजारात ५५ सोनेरी पत्त्यांचा डबा मिळतो, तो बहुधा नकली. आणि अदलाबदल घरातल्या मोठ्यांसमोर व्हावी. सातवीतला भाऊ पहिलीतल्याचा चमकीला पत्ता चार साध्या पत्त्यांवर नेतो, आणि धाकट्याला ते संध्याकाळी कळतं.