एक खोली, चार इयत्ता

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण आमच्या संभाजीनगर जिल्ह्यातल्या दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी बैठकीला गेले, की चारही इयत्ता एकाच खोलीत. मग शिकवायचे कसे?

धडा एकच घ्यावा, अपेक्षा वेगळी ठेवावी. 'कॅट' म्हटले, की पहिलीने मांजराचे चित्र दाखवावे, दुसरी-तिसरीने शब्द वाचावा, चौथीने वाक्य लिहावे. धाकटी मुले थोरल्यांचे ऐकत आपोआप पुढे सरकतात.

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. मराठीत 'क'चे नाव आणि उच्चार एकच. इंग्रजीत अक्षर 'सी', उच्चार मात्र 'क'! त्यात एखाद्याच्या घरी दखनी, शाळेत मराठी. ते मूल चुकले तर हसू नका. एकदा गप्प बसलेले मूल कुठल्याच भाषेत लवकर बोलत नाही.