स्वयंपाकघरातली हवा

२४ डिसेंबर १८९३. नाताळच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात, ५८ बॅगली अव्हेन्यू या भाड्याच्या घरात क्लारा फोर्ड स्वयंपाकात गुंतली होती. दीड महिन्याचा एडसेल पलीकडे झोपला होता. तेवढ्यात तिचा नवरा एक लाकडी फळी घेऊन स्वयंपाकघरात आला. हेन्री फोर्ड तेव्हा तीस वर्षांचा होता आणि शहराच्या वीज कंपनीत इंजिनिअर म्हणून काम करत होता. फळीवर त्याने स्वतः जुळवलेलं एक यंत्र होतं. एक इंच बोअरची, म्हणजे आतल्या व्यासाची, गॅसची नळी हा सिलिंडर, आणि जुन्या लेथचं हातचाक हे फ्लायव्हील.

हेन्रीने यंत्र सिंकवर आवळून बसवलं. ठिणगीसाठी करंट घेतला तो घरच्याच विजेतून. क्लाराकडे काम आलं पेट्रोलचं. तो चाक फिरवणार, ती आत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर थेंब थेंब सोडणार. चाक फिरलं, दिवा फडफडला, नळीच्या तोंडातून जाळ बाहेर आला, सिंक थरथरलं. आणि चाक हेन्रीच्या हातातून सुटून आपलं आपण फिरत राहिलं.

ही गोष्ट ऐकताना डोळ्यांसमोर येतं ते क्लाराच्या हातातलं पेट्रोल. पण त्या स्वयंपाकघरात आणखी एक वस्तू होती, जी कुणी विकत आणली नव्हती आणि जिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. ती म्हणजे खोलीतली हवा. घरच्या वर्कशॉपमध्ये छोटं इंजिन बनवू पाहणारा प्रत्येक जण शेवटी तिच्यापाशी येऊन पोचतो, कारण इंजिन मुळात हवेचं यंत्र आहे.

हिशेब करून पाहू. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला सुमारे ११ किलो हवा लागते. एवढी हवा मोजली तर ९,००० लिटर भरते, म्हणजे पाण्याच्या एका टँकरएवढी. आता फोर्डच्या नळीएवढंच, २५ मिमी बोअरचं, इंजिन घ्या. पिस्टनची धावही २५ मिमी धरली, तर एका खेपेला आत येते जेमतेम १२ घन सेंटिमीटर हवा. चहाचे अडीच चमचे भरतील एवढीच. तिचं वजन १५ मिलिग्रॅम आणि तिला पुरणारं पेट्रोल फक्त १ मिलिग्रॅम. या एका मिलिग्रॅमने पोलादी दांडा फिरतो.

तो फिरतो कसा, हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ थक्क होऊन बसलो होतो. हवेत पाचातले जवळजवळ चार भाग नायट्रोजन असतो आणि तो जळत नाही. जळण्याचं काम ऑक्सिजन आणि पेट्रोल करतात. त्या उष्णतेने आतला वायू २,००० अंशांच्याही वर तापतो, फुगू पाहतो आणि पिस्टनला खाली रेटतो. रेटणाऱ्या त्या वायूत सगळ्यात मोठा वाटा नायट्रोजनचा असतो. म्हणजे आपल्या स्कूटरला ढकलणारा मुख्य गडी आगीत भागच घेत नाही. तो फक्त तापतो आणि जागा मागतो. आतला दाब वातावरणाच्या वीसपट झाला, असं धरलं तर २५ मिमीच्या पिस्टनवर सुमारे १०० किलोचा भार येतो. हाताच्या अंगठ्याएवढ्या रुंदीच्या जागेवर एक धट्टाकट्टा माणूस उभा राहावा, तसा.

हा माणूस जोरात उभा राहायचा असेल, तर हवा आधी दाबून धरावी लागते. निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये जर्मनीत चार धावांचं इंजिन चालवून दाखवलं, त्याचं मर्म हेच होतं. पहिल्या धावेत मिश्रण आत घ्यायचं, दुसरीत ते दाबायचं, तिसरीत ते जळून पिस्टनला ढकलतं आणि चौथीत जळका वायू बाहेर जातो. चारांतली एकच धाव कमाईची. उरलेल्या तिन्हींचा खर्च फ्लायव्हील आपल्या साठवलेल्या वेगातून भागवतं.

दाबलेल्या हवेचा जोर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि विहिरींवर डिझेल इंजिनांचा ठेका ऐकू येऊ लागला. ज्याने असं इंजिन हँडल मारून सुरू केलं आहे, त्याचा खांदा ही गोष्ट विसरत नाही. आधी व्हॉल्व्ह उचलून धरायचा, म्हणजे चाक हलकं फिरतं. वेग आला की तो सोडायचा, आणि त्या क्षणी हँडलच्या पलीकडे कुणीतरी अडून बसल्यासारखं वाटतं. ती अडून बसलेली हवाच असते. डिझेल इंजिनात तर ठिणगीही नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेतं. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं, त्याचाच हा थोरला भाऊ.

घरच्या लेथवर बसलेल्याची खरी लढाई या हवेला कोंडून ठेवण्याची असते. सिलिंडरचं बोअर आधी लेथवर करायचं, मग बारीक पेस्ट लावून घासत, म्हणजे लॅप करत, न्यायचं. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. इथे त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी चूकही महागात पडते. बोअर एका टोकाला किंचित सैल राहिलं किंवा गोलाई किंचित हरवली, तरी हवा वाट शोधते.

मग येते पिस्टनची रिंग. ओतीव लोखंडाची, एका जागी कापलेली, मोकळी असताना बोअरपेक्षा थोडी मोठी. ती चेपून आत बसवली की स्प्रिंगसारखी बाहेर रेटून भिंतीला टेकते. पण तिचा स्वतःचा जोर अगदी थोडा. खरी किमया पुढे आहे. जळलेला वायू खाचेत शिरून रिंगच्या पाठीमागे जातो आणि तिला भिंतीवर दाबून धरतो. जो पळून जाऊ पाहतो, तोच आपल्या पळवाटेचं दार आतून लावून घेतो. दाब जितका जास्त, तितकं दार घट्ट.

कोंडल्यानंतर प्रश्न उरतो वेळेचा. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात एक धाव सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात संपते. ज्योत ठिणगीपासून निघून सगळ्या मिश्रणात पसरायला एक-दोन हजारांश सेकंद सहज घेते. तेवढ्यात क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतो तो दांडा, वीस-तीस अंश फिरलेला असतो. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच, तो अजून चढत असतानाच, ठिणगी पाडावी लागते. ठिणगी फार लवकर पडली तर चढणारा पिस्टन उलट ढकलला जातो. उशिरा पडली तर वायू खाली पळणाऱ्या पिस्टनचा नुसता पाठलाग करत राहतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरायला हवा. म्हणून दोन गिअरांपैकी एकाला दुप्पट दाते. एक दाता चुकवून बसवला की दिसायला सुंदर असं सगळं काम मुकं राहतं.

यंत्र लहान केलं म्हणजे काम सोपं होतं, असं वाटणं साहजिक आहे. घडतं उलट. प्रत्येक माप निम्मं केलं तर आतली जागा आठवा हिस्सा उरते, पण भिंती मात्र चौथा हिस्सा राहतात. म्हणजे तेवढ्याच वायूभोवती दुप्पट भिंत, आणि त्या भिंतीतून उष्णता पळते. अॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं, तरी त्याचा पिस्टन शाबूत राहतो, कारण जाळ क्षणभराचा असतो आणि बाहेरून थंड पंख असलेल्या भिंती उष्णता पटापट बाहेर नेतात. पिस्टनला वाचवणारी हीच भिंत छोट्या इंजिनाचा जीव गारठवते. शिवाय आपण नळी लहान करतो, फट लहान करू शकत नाही. हवेचे रेणू काही आपल्या नकाशाप्रमाणे आकसत नाहीत. तळहातावर मावणारं इंजिन चालवणं कौतुकाचं असतं ते यासाठी.

आणि मग तो दिवस येतो. महिनोन्‌महिन्यांचं काम टेबलावर उभं असतं. फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून ओढली, तर नुसता खोकला. गॅरेजमधला मेकॅनिक जे तीन प्रश्न विचारतो, तेच इथे विचारायचे. कॉम्प्रेशन आहे का? करंट येतोय का? पेट्रोल येतंय का? हाताने चाक सावकाश फिरवून पाहावं. चढणीवर ते अडलं आणि सोडल्यावर गुबगुबीत उशीसारखं मागे उसळलं, तर हवा आत टिकून आहे. मला विचाराल तर इंजिन जन्मतं ते याच क्षणी, पहिल्या धडाक्याच्या आधी. बोटांना जे जाणवतं, ते ना लोखंड असतं ना तेल. चिमूटभर हवा उलट जोर लावत असते. मग पेट्रोल सोडणाऱ्या सुईचा स्क्रू पाव फेरा उघडायचा, ठिणगी जराशी आधी घ्यायची, पुन्हा दोरी. एक फट्, मग दोन, आणि मग आवाज सलग होतो. दोरी हातातच राहते आणि चाक फिरत असतं.

फोर्डचं इंजिन त्या संध्याकाळी थोडाच वेळ चाललं, पण त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं. ४ जून १८९६ ला, घरामागच्या शेडमध्ये, वाफेच्या इंजिनाच्या जुन्या पाइपातून कोरलेल्या दोन सिलिंडरांची त्याची पहिली गाडी तयार झाली. ती दारातून निघेना, तेव्हा त्याने कुऱ्हाडीने विटांची भिंत फोडली.

सिंकवरचं ते इंजिन आज डिअरबॉर्नच्या संग्रहालयात आहे. नळी, हातचाक, फळी, सगळं जपलेलं. काम करणारा मुख्य भाग तेवढा मांडणीत नाही. तो त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या छातीत, आत-बाहेर करत असतो.