पीतबिंदूचें छिद्र आणि घाटाची चढण

रेटिनायटिस पिगमेंटोझा हा आनुवंशिक नेत्ररोग जगांत सुमारें ४००० माणसांत एकास होतो. त्याचा आरंभ रातांधळेपणानें होत असल्यामुळें घरचीं माणसें गाजर व पालेभाज्या यांवर भिस्त ठेवतात. परंतु अ जीवनसत्त्वाच्या अभावीं येणारा रातांधळेपणा निराळा आणि हा निराळा. यांत डोळ्याच्या मागील पडद्यावरील, म्हणजे दृष्टिपटलावरील, प्रकाशग्राही पेशी कडेपासून मरत येतात. दृष्टीचें क्षेत्र आकसत जातें, आणि शेवटीं फुंकणींतून दिसावें तेवढें जग उरतें. तें उरतें पीतबिंदूच्या बळावर. दृष्टिपटलाच्या या मध्यभागानेंच माणूस अक्षर वाचतो व चेहरा ओळखतो.

नेमक्या त्याच ठिकाणीं क्वचित् छिद्र पडतें. डोळ्यांत भरलेला पारदर्शक गर वयपरत्वें आकसतांना पीतबिंदूस ओढतो, किंवा या रोगांत तेथें सूज येऊन झालेले पाण्याचे कोश फुटतात. छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेरच असतें. पण ज्याच्याजवळ मध्याखेरीज कांहींच उरलें नाहीं, त्याला तें केवढें मोठें!

डोळा न उघडतां बारीक उपकरणानें हा गर काढून घेण्याची शस्त्रक्रिया रॉबर्ट माखेमर यांनीं १९७० सालीं अमेरिकेंत सुरू केली. तरीहि पीतबिंदूचें छिद्र असाध्यच समजलें जाई. १९९१ सालीं नील केली व रॉबर्ट वेंडेल या शल्यविशारदांनीं ५२ डोळ्यांपैकीं ३० डोळ्यांतील छिद्रें मिटल्याचें प्रसिद्ध केलें, तेव्हां कोठें मत पालटलें. हल्लीं गर काढल्यावर दृष्टिपटलावरील अतिशय पातळ पापुद्रा निळा रंगवून चिमट्यानें सोलतात व डोळ्यांत वायु भरतात. रोग्यानें कांहीं दिवस तोंड खालीं करून राहावयाचें, म्हणजे बुडबुडा वर तरंगून छिद्राशीं टेकतो आणि कडा जुळतात. छिद्र मिटलें म्हणजे मूळ रोग बरा झाला असें मात्र नव्हे. मेलेल्या पेशी परत येत नाहींत. तेथें जिवंत पेशी किती उरल्या आहेत, यावर पुढचें दिसणें अवलंबून. हें शस्त्रक्रियेपूर्वींच रोग्यास स्पष्ट सांगितलें पाहिजे.

मुंबईस जाऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या नाशिककरांस आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच. कसाऱ्याचा घाट चढून घरीं पोहोंचेपर्यंत हवेचा दाब सुमारें चौदाव्या हिश्श्यानें उतरतो, आणि डोळ्यांतील बुडबुडा तितकाच फुगूं पाहतो. डोळा कांहीं रबरी फुगा नव्हे. आंतील दाब वाढतो, डोळा ठणकतो; दाब फारच वाढल्यास दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा खुंटून उरलेली दृष्टिहि जाऊं शकते. सावकाश चढल्यास आंतील पाणी झिरपून डोळा थोडेंबहुत सांवरून घेतो; मोटारीच्या वेगास तेवढी उसंत नसते. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायु सुमारें दोन आठवडे टिकतो, परफ्लुरोप्रोपेन सहा ते आठ. तोंवर मुंबईस नातलगांकडे राहावें, किंवा शस्त्रक्रियाच नाशिकांत करून घ्यावी. घाट चढणें अटळ असेल तर शल्यविशारदास आधीं विचारावें. नाशिकांत शस्त्रक्रिया झालेल्यानेंहि सप्तशृंगीचा गड तोंवर दूरच ठेवावा. विमान तर वर्ज्यच.

वायु किती उरला, हें रोग्यास स्वतःस कळतें. बुडबुडा वर तरंगत असला तरी दृष्टिपटलावर प्रतिमा उलटी उमटत असल्यामुळें तो त्याला खालीं, हेलकावणाऱ्या पाण्यासारखा दिसतो. त्याची रेघ दिवसेंदिवस उतरत जाते. या मुदतींत दुसऱ्या कांहीं कारणानें भूल घ्यावी लागल्यास डोळ्यांत वायु असल्याचें आधीं सांगावें, कारण भुलीसाठीं वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड त्या बुडबुड्यांत शिरून त्यास एकाएकीं फुगवितो.