डब्यातली जुनी नाणी: खरी किंमत कशी ओळखायची?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत बचत जमा झाली की हल्ली मोबाईल पुढे येतो. "ताई, वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखाला जातंय म्हणे, खरं का?" एका ताईंनी अशा जाहिरातीवर विश्वास ठेवून 'नोंदणी फी' म्हणून दोन हजार रुपये भरलेसुद्धा. नाणं विकलं गेलं नाही, पैसे मात्र गेले. म्हणून घरातल्या नाण्यांचा अंदाज आपणच कसा घ्यायचा ते बघू.

जुनं म्हणजे महाग नव्हे

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे होते. एक, दोन, तीन, पाच, दहा पैशांची नाणी सरकारने प्रचंड संख्येने पाडली, त्यामुळे ती आजही घरोघरी सापडतात. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून बाद झाली. बँक ती घेत नाही, आणि झिजलेल्या साध्या नाण्याला संग्राहकही फार तर काही रुपये देतो. भोकाचा पैसा (१९४३ ते १९४७) दिसायला वेगळा, पण तोही भरपूर निघालेला. वैष्णोदेवीचं नाणं तर २०१२ चं, म्हणजे जुनंसुद्धा नाही!

चार गोष्टी तपासा

१. धातू: चांदी असेल तर किंमत नक्की आहे. पाचव्या जॉर्ज राजाची (१९११ ते १९३६) चांदीची पावली, म्हणजे चार आणे, साधारण २.९ ग्रॅमची. तिच्या बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे २.७ ग्रॅम. त्या दिवशीच्या एका ग्रॅमच्या भावाने गुणा, ही झाली कमीत कमी किंमत. १९४२ ते १९४५ च्या पावलीत चांदी निम्मीच असते. १९४६-४७ ची वाघाची पावली निकेलची आहे. लोहचुंबक लावून बघा, ती चिकटते. चांदी चिकटत नाही. मात्र न चिकटणारं प्रत्येक नाणं चांदीचं नसतं, म्हणून साल बघाच.

२. अवस्था: अक्षरं आणि चेहरा जितका स्पष्ट, तितका भाव जास्त. चिंच, राख किंवा पावडर लावून नाणं घासू नका. चमक येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

३. साल आणि टांकसाळ: सालाखालची खूण बघा. चौकट (हिरा) म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. एखाद्या साली एखाद्या टांकसाळीत कमी नाणी पडली असतील, तर त्याच नाण्याला जास्त पैसे मिळतात.

४. खरा भाव: जाहिरातीत कोणीही कितीही आकडा लिहील. आधीच्या लिलावात तसंच नाणं प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं, ते बघायचं. दोन-तीन नाणी-व्यापाऱ्यांना विचारा. व्यापारी स्वतःचा नफा ठेवून घेतो, म्हणून त्याच्या विक्रीच्या भावापेक्षा आपल्याला कमीच मिळणार.

फसवणूक कशी ओळखाल?

विकत घेणारा आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून मागत नाही. फी, कर, कमिशन 'आधी भरा' म्हटलं की फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगितलं तरीही ठेवा. आपण अशा व्यवहारात नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. ओटीपी, आधार, पासबुकाचा फोटो कुणालाही पाठवू नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि हो, शेतात नांगरताना नाण्यांचं गाडगं सापडलं तर ते परस्पर विकू नका. जमिनीत पुरलेलं धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पुढच्या बैठकीला नाणी आणू नका, यादी आणा: किती पैशांचं, साल, खूण, धातू. सासूबाईंनाही सोबत बसवा, पावली-अधेली त्यांनी हाताळलेली असते. यादी बघून मग ठरवू, काय विकायचं आणि काय नातवंडांसाठी ठेवायचं.