फोपनारचा अनाम कारागीर

बऱ्हाणपूरजवळच्या फोपनार गावी गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात सात बुद्धमूर्ती उजेडात आल्या. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या धातुमूर्तींपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभी आहे. घडविणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नाही. तो देवमाणूस होता की घरी बायकोला मारणारा, हे कळण्याची सोय नाही. म्हणूनच तर आपण त्या मूर्तीपुढे निर्धास्तपणे हात जोडतो!

गवयाच्या बाबतीत ही सोय नसते. बडोद्यास दरबारी गवई असताना खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी तेथील माने सरदारांच्या कन्या ताराबाई यांच्यासह शहर सोडले. संसार झाला, पाच मुले झाली, आर्य संगीत विद्यालय निघाले. आणि १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन घराबाहेर पडल्या. मुलांची नावेदेखील बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई, सकीनाची सरस्वती. पतिपत्नींत काय बिनसले याच्या हकीकती निरनिराळ्या आहेत. त्यांत मी शिरत नाही. बापाचे नाव मुलांमागे राहू द्यायला आई तयार नव्हती, एवढे मात्र उघड आहे.

नाव गेले, पण सूर गेला नाही. हिराबाई बडोदेकरांनी पुढे तालीम घेतली ती किराण्याच्याच अब्दुल वहीद खाँ यांची. सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्याकडून ती गायकी प्रभाताई अत्रे यांच्यापर्यंत आली. ज्यांना त्या घराची झळ लागली त्यांनीच गाणे टाकले नाही, तर तुम्ही-आम्ही खाँसाहेबांच्या तबकड्या का फोडाव्यात? मात्र घराण्याची परंपरा सांगताना आपण ताराबाईंना खुशाल गाळतो, हे मला पटत नाही. मुलांना घेऊन बाहेर पडणारी ती बाई त्या परंपरेत बसवावीच लागेल.

संगणकावरील खेळांच्या धंद्यात हाच प्रश्न हल्ली उठला आहे. अमेरिकेतील अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड या कंपनीवर २०२१ च्या जुलैत कॅलिफोर्निया राज्याने स्त्री-कर्मचाऱ्यांच्या छळाबद्दल खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ च्या डिसेंबरात तडजोड झाली. दरम्यान ‘ओव्हरवॉच’ या खेळातील एका पात्राला कंपनीतून गेलेल्या एका कर्मचाऱ्याचे नाव होते, ते बदलून कोल कॅसिडी करण्यात आले. खेळ तोच राहिला. असा खेळ शेकडो हातांनी घडतो. एकाच्या वागण्यापायी बाकीच्यांची मेहनत बुडवावी, असे मला वाटत नाही.

पण एक फरक आमच्या मंडळींना सांगितलाच पाहिजे. तबकडीतला गवई कोणाला हात लावू शकत नाही. गुरू लावू शकतो. शिष्या त्याच्या घरी जाते, त्याचा शब्द झेलते, त्याच्या रागालोभावर तिची तालीम अवलंबून असते. तेथे ‘कलावंत थोर, बाकी सोडा’ हे म्हणणे मुलीला तोंडघशी पाडणारे आहे. मोठ्या नावापायी घरोघरची शहाणी माणसेही गप्प बसतात, हे मी पाहिले आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या आयांनी दाराशी हवा तितका वेळ बसावे. तंबोरा त्याने उतरत नाही.