वारली कुर्त्यावर, वाघोबा साक्षीला!

कुर्ता, कॉफी मग, ऑफिसची लॉबी... वारली चित्रं आपल्याला सगळीकडे भेटतात. तारपा नाचाचा तो गोल तर मला एखाद्या ब्रँडच्या लोगोसारखा लांबूनच ओळखू येतो. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रांना जीआय टॅगही मिळाला. मस्तच! पण चित्रातलं जंगल प्रत्यक्षात उभं राहिलं पाहिजे, त्याचं काय?

हवामान बदलाचं एक गणित अगदी सोपं आहे. जंगल टिकलं, की त्यातला कार्बनही तिथेच राहतो. आणि जंगल राखणाऱ्या गावांच्या हातात एक दमदार कायदा आहे, २००६ चा वनहक्क कायदा. सामूहिक हक्क मिळाला, की जंगल राखण्याचा अधिकार गावाकडे येतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळाला, तोही सुमारे १,८०० हेक्टरवर.

अर्थात, दाव्याला पुरावे लागतात. आणि बॉस, इथेच खरी गंमत आहे! २००८ चे नियम सांगतात, की सरकारी कागदांबरोबर गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब चालतात. विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा चालतात. नामवंत संस्थांनी केलेल्या रूढी-परंपरांच्या नोंदीही चालतात. म्हणजे रानातला दगडात किंवा लाकडात कोरलेला वाघोबा नुसता फोटोजेनिक देव नाही, तो चक्क साक्षीदार आहे!

म्हणूनच मला वाटतं, म्युझियम, आर्ट गॅलऱ्या आणि लोककला केंद्रांनी फेस्टिव्हलमध्ये तारपा वाजवून घेण्यावर थांबू नये. आपल्या कपाटातली जुनी रेकॉर्डिंग्ज, फोटो, टिपणं यांच्या प्रती त्या-त्या ग्रामसभेला द्याव्यात. नव्या नोंदी करायच्या तर गावाला विचारून, गावच्याच मुलामुलींना रीतसर पैसे देऊन, त्यांच्या बोलीत. कुठली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हेही गावच ठरवेल. आणि हवामानावर चर्चासत्र ठेवलंत, तर माईक आधी त्यांच्या हातात!

आता राहिलो आपण. पुढच्या वीकेण्डला एखाद्या प्रदर्शनात गेलात, तर चित्राची किंमत विचाराच. पण सोबत आणखी एक प्रश्न टाका, 'तुमच्याकडच्या नोंदींची प्रत त्या गावाला मिळाली का हो?'